‘फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाज पातळ येतो’ हे खरं नाही

गेल्या दोन महिन्यांत एकच मजकूर मला चार गटांतून आला. त्यातले दोन भजनी मंडळांचे. मजकुराचं सांगणं असं : घरी गाणं रेकॉर्ड करायचं तर स्टुडिओत असतं ते प्रो टूल्सच हवं, फुकट-स्वस्त सॉफ्टवेअरमध्ये आवाज पातळ येतो. आपल्या तालांना ती चालत नाहीत, त्यांवर केलेलं गाणं यूट्यूब-स्पॉटिफायवर घेत नाहीत. आणि पैसे नसतील तर क्रॅक, म्हणजे परवान्याचं कुलूप तोडलेली चोरीची प्रत टाका, सगळे तेच करतात. मी हार्मोनियम शिकवतो. हे वाचून माझे विद्यार्थी रेकॉर्डिंग पुढं ढकलत राहतात, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

आधी ‘पातळ आवाज’. माइकमधून येणारा संकेत आकड्यांत बदलतो तो ऑडिओ इंटरफेसमध्ये, म्हणजे माइक संगणकाला जोडणाऱ्या डबीत, किंवा यूएसबी माइकच्या पोटात. तिथं सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० मोजमापं होतात. सॉफ्टवेअर ती मोजमापं फाइलमध्ये उतरवून घेतं, बस. वही महागाची घेतली म्हणून त्यात लिहिलेला हिशेब बदलत नाही. विश्वास बसत नसेल तर स्वतः करून बघा : एकच वाव फाइल दोन सॉफ्टवेअरमधून बाहेर काढा, इफेक्ट नको, डिदर (फाइल काढताना मिसळली जाणारी बारीक खरखर) बंद. मग दोन्ही एकाखाली एक ठेवून एकीला ‘इन्व्हर्ट’ करा, म्हणजे तिची लहर उलटी करा, आणि एकत्र वाजवा. काहीही ऐकू येणार नाही, कारण दोन्हींतले आकडे एकमेकांना पुरते खोडतात.

मग आवाज पातळ का येतो? बहुतेक वेळा अंतरामुळं. गाण्यासाठी आपण वापरतो ते माइक बहुधा कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचा आवाज घेणारे असतात. ते जवळ आणले की खर्ज भरीव लागतो, लांब नेले की तोच खर्ज गळतो आणि त्याच्या जागी खोली भरते. फरशी, उघड्या भिंती, वर फिरणारा पंखा. मी एकच पेटी, एकच माइक, एकच सॉफ्टवेअर घेऊन दिवाणखान्यात आणि गाद्या-गोधड्यांच्या खोलीत वाजवून पाहिलं. दोन वेगळ्या पेट्या वाटाव्यात इतका फरक होता. पेटीच्या बाबतीत आणखी एक : माइक भात्याच्या बाजूला असेल तर सुरांबरोबर हवेचा फुसफुसाटही येतो. लेव्हलही सांभाळा. सगळ्यात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या, कारण एकदा फाटलेला आवाज कुठलंही सॉफ्टवेअर नीट शिवून देत नाही.

‘स्टुडिओत तेच वापरतात’ यात तथ्य आहे. स्टुडिओतच नोकरी करायची असेल तर प्रो टूल्स शिकलंच पाहिजे. पण त्याची ‘इंट्रो’ आवृत्ती कंपनी फुकट देते आणि तीत आठ ऑडिओ ट्रॅक मिळतात. गायक, पेटी, तबला, तंबोरा, टाळ मिळून पाचच होतात. जास्त ट्रॅक हवे असतील तर रीपर घ्या. ६० दिवस ते संपूर्ण वापरून पाहता येतं आणि वैयक्तिक वापराचा परवाना ६० डॉलरला, म्हणजे पाच हजार रुपयांच्या थोडा वर मिळतो. ते लिहिणारा जस्टिन फ्रँकेल म्हणजे संगणकावर गाणी वाजवणारं विनअँप बनवणारा, एमपीथ्रीच्या सुरुवातीच्या दिवसांत गाणी ऐकलेल्यांना ते आठवेल. संगणक जुना असेल आणि एकट्याचं गाणंच टिपायचं असेल तर ऑडॅसिटी पुरतं. ते २००० सालापासून फुकट आहे. मात्र कीबोर्ड जोडून मिडी, म्हणजे आवाजाऐवजी कुठली पट्टी कधी दाबली याची नोंद, रेकॉर्ड करायचं असेल तर ते घेऊ नका. मॅक असेल तर गॅरेजबँड फुकट मिळतं.

तालांचा मुद्दा मला सर्वांत जिव्हाळ्याचा. सॉफ्टवेअर उघडलं की चार मात्रांचा हिशेब दिसतो, म्हणून लोक घाबरतात. रीपरमध्ये तो बदलून सात केला की रूपक, दहा केला की झपताल. मेट्रोनोम पहिल्या मात्रेवर ठोका जोरात देतो, आणि रूपकात तर समेवरच खाली, म्हणजे बिनजोराची मात्रा असते, त्यामुळं कानाला खुपतं. पण कुठला ठोका जड, कुठला हलका हेही ठरवता येतं. (आयफोनवरच्या गॅरेजबँडमध्ये मात्रांचे पर्याय मोजकेच आहेत, ही अडचण खरी.) विलंबित ख्यालाला तर मेट्रोनोम लावूच नका. ग्रिडला (पडद्यावरच्या मात्रांच्या रेघांना) चिकटणं बंद करा, आधी तंबोरा घ्या, मग गायक आणि तबला एकत्र बसवा. सूर आपोआप ‘सुधारणारी’ सोय मात्र कटाक्षानं बंद ठेवा. ती मींडेचे, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याचे, बारा सुरांच्या पायऱ्यांत तुकडे करते आणि आंदोलनाला, सुराच्या संथ झुलण्याला, चूक समजते. आपल्या संगीताला धोका आहे तो तिथं, आणि महागड्या सॉफ्टवेअरमध्येही तो तेवढाच आहे.

यूट्यूब-स्पॉटिफायचं म्हणाल तर तिथं तयार फाइल जाते. ती कशात बनवली हे कुणी विचारत नाही.

राहिला क्रॅक. हा सल्ला देणाऱ्यावर मला मनापासून राग येतो. क्रॅक टाकताना पहिली सूचना असते, अँटिव्हायरस बंद करा. म्हणजे ज्या संगणकावर बँकेचा पासवर्ड आहे, त्याचं दार आपणच अनोळखी माणसाला उघडून देतो. आपलं गाणं कुणी फुकट उचललं तर आपल्याला लागतं. प्रोग्रॅम लिहिणाराही कष्टच विकतो. माझ्या एका विद्यार्थ्यानं असंच केलं. आठवड्याभरात लॅपटॉपवरच्या सगळ्या फाइली कुलूपबंद झाल्या आणि पडद्यावर खंडणीचा निरोप आला. त्यांत गुरूंकडच्या तालमीची तीन वर्षांची रेकॉर्डिंग होती. गुरू आता गात नाहीत. त्यातला एकही तास परत मिळाला नाही. त्या लॅपटॉपवर आता ऑडॅसिटी आहे, आणि दर रविवारी तो सगळ्या फाइली वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवून ती कपाटात ठेवतो.