एम.ए. आचार्य, आचार्य एम.ए.

स्थळाचा फोन आला की आई तो स्पीकरवर टाकते आणि मला खुणेने गप्प बसवते. परवाचा फोन कोथरूडचा होता.

"मुलगा काय करतो?"

"गुरुजी आहे. पूजा, मुंजी, लग्नं, वास्तुशांती, सगळं."

"अहो, ते कळलं. पण करतो काय?"

भाद्रपदात हीच माणसं अशी बोलत नाहीत. गणेश चतुर्थीला माझी पहिली प्राणप्रतिष्ठा पहाटे साडेचारला असते आणि अकरावी दुपारी दोनला. मधल्या वेळात स्कूटरवर, सोवळ्यात आणि हेल्मेटमध्ये, मी जितका हवाहवासा असतो तितका शेखर सुमनही कधी नसेल. "गुरुजी, आमच्याकडे नक्की ना? उशीर झाला तरी चालेल, पण तुम्हीच या." मुलगी द्यायची वेळ आली की मात्र त्याच घरात एकदम शांतता पसरते. २००३ साली युनेस्कोने वेदपठणाची परंपरा हा साऱ्या मानवजातीचा अनमोल वारसा आहे असं जाहीर केलं. मानवजातीत वधूपिते मोजले होते की नाही, ते कळायला मार्ग नाही.

आईच्या मते दोष बायोडेटाचा. 'शिक्षण' या रकान्यात माझं 'ऋक्संहिता, याज्ञिकी, बी.ए. (बहिःस्थ)' असं लिहिलेलं आहे आणि लोक नेमका कंसच वाचतात. तिथे एखादी पदव्युत्तर पदवी पाहिजे, असं घरात एकमताने ठरलं. कोणती, यावर मात्र दोन मतं नव्हती, सात होती.

अण्णांचा कौल आचार्यला. संस्कृत विद्यापीठांत शास्त्री म्हणजे बी.ए. आणि आचार्य म्हणजे एम.ए. पदवी जुनी, भारदस्त, नावाच्या आधी लावता येते. आत्याला फोनवर ही बातमी दिली तेव्हा पलीकडे क्षणभर काही आवाज आला नाही. मग ती हळूच म्हणाली, "आचारी? अरे, इतकं शिकून?" गैरसमज दूर केला, पण रात्री अंथरुणावर पडल्यावर मला तो तितकासा वाईट वाटेना. एकाच मांडवात आम्ही दोघं असतो. आचाऱ्याला ताटामागे पैसे मिळतात, मला मुहूर्तामागे, आणि मुहूर्त एकच असतो. शिवाय "जरा आटपतं घ्या" असं आचाऱ्याला कोणी म्हणत नाही.

नागपूरच्या मामाने ज्योतिष सुचवलं. इग्नू या मुक्त विद्यापीठाने २०२१ पासून एम.ए. ज्योतिष सुरू केलंय, घरबसल्या होतं. त्यावर अण्णांनी आधी माझीच पत्रिका काढली. उच्च शिक्षणाचा योग उत्तम, विवाहाला विलंब. ही माहिती आम्हाला फुकटातच असल्यामुळे फी वाचली. बनारसला २०२२ पासून हिंदू अध्ययन या विषयात एम.ए. आहे, प्राध्यापकीसाठीच्या नेट परीक्षेलाही तो विषय आलाय, हेही मामानेच सांगितलं. "हिंदूने हिंदू अध्ययन करायचं म्हणजे माशाने पोहण्याचा क्लास लावायचा," असं आईने परस्पर निकालात काढलं.

मग मामेभावाने सैन्याची जाहिरात आणली. लष्करात धर्मगुरूंची भरती असते हे मला माहीतच नव्हतं. पद नायब सुभेदाराचं. आचार्य असलात, किंवा शास्त्री अधिक कर्मकांडाची पदविका असली, की अर्ज करता येतो. पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री असे सगळे असतात आणि जवानांच्या सुखदुःखात त्यांच्याबरोबर राहायचं असतं. मला काम मनापासून आवडलं. वर्दी, पेन्शन, बायोडेटात 'केंद्र सरकार'. कोथरूडकडून परत फोन आला असता. पण जाहिरात खाली वाचत गेलो तर १६०० मीटर, आठ मिनिटांत, धावून.

आमच्या धंद्याची सगळी रचना मांडी घालण्यावर उभी आहे. आठ वर्षं पाठशाळेत मांडी, पुढे पाटावर मांडी, आणि प्रत्येक यजमानाकडचा आग्रहाचा तिसरा जिलबीचा वाढा त्या मांडीत जमा. तरी सकाळी सहाला तळजाईच्या टेकडीवर गेलो. तेरा मिनिटं लागली. त्यातलं दीड मिनिट सहकारनगरच्या एका यजमानांनी वास्तुशांतीची तारीख विचारण्यात खाल्लं, ते वजा केलं तरी साडेअकरा. मामेभाऊ म्हणाला, सराव कर. कधी करू? पहाटे गाठावी तर ती रुद्राची वेळ.

न्यू जर्सीच्या मावसभावाने आणखी घोळ वाढवला. तिकडच्या देवळांना पुजारी हवे असतात आणि धार्मिक कामाच्या आर-वन व्हिसाला पदवी लागतच नाही म्हणे. निदान दोन वर्षं तुम्ही त्या धर्माचे असल्याचं दाखवावं लागतं. ती अट आमच्या घराण्याने कित्येक पिढ्यांपूर्वीच पुरी करून ठेवली आहे. पण जास्तीत जास्त पाच वर्षांचा व्हिसा, आणि पूजेच्या सुरुवातीला आपण कुठे बसलोय ते सांगणाऱ्या संकल्पाचं काय? मी जन्मभर 'गोदावर्याः दक्षिणे तीरे' म्हणत आलो. तिकडचे गुरुजी 'क्रौंचद्वीपे' म्हणून सुरुवात करतात. आई म्हणाली, "पत्ता बदलला की रेशनकार्डापासून सगळं बदलावं लागतं. नको."

तोवर घरातली चर्चा शुद्ध घनपाठावर, म्हणजे वेदाचे शब्द उलटसुलट जोडून पुन्हा पुन्हा म्हणण्यावर आली होती. एम.ए. आचार्य, आचार्य एम.ए., एम.ए. आचार्य फौज, फौज आचार्य एम.ए., एम.ए. आचार्य फौज. घनपाठाचा हेतूच मुळी एक अक्षरही इकडचं तिकडे होऊ नये हा असतो. तो आमच्याकडे पूर्ण सफल झाला.

शेवटी मी स्वतःच एका विद्यापीठात एम.ए. संस्कृतच्या वर्गात परवानगी काढून बसून आलो. वेदाच्या तासाला मॅकडोनेल साहेबाचं १९१७ सालचं वेचे-पुस्तक होतं. त्यात तीस सूक्तं आहेत, इंग्रजी अर्थासकट. माझ्याजवळ ऋग्वेदाची सगळी १०२८ आहेत, अर्थाशिवाय. बाईंनी नासदीय सूक्त काढलं आणि "तुम्हाला येत असेल ना?" म्हणून विचारलं. मी डोळे मिटून स्वरासकट म्हटलं. वर्ग चिडीचूप. डोळे उघडले तर पहिल्या बाकावरच्या मुली चक्क वही बंद करून ऐकत होत्या. आयुष्यात प्रथमच कोणी मला "आटपतं घ्या" म्हणालं नव्हतं.

"सुंदर! आता अर्थ सांगा," बाई म्हणाल्या.

मी पुन्हा पहिल्या ऋचेपासून सुरुवात केली. म्हणता म्हणता अर्थ येईल असं वाटलं. आला तो शेवटच्या ओळीचा तेवढा, कारण तो पाठशाळेत एकदा कोणीतरी सांगितला होता. ही सृष्टी कुठून झाली ते वर बसलेला अध्यक्ष जाणत असेल, किंवा तोही जाणत नसेल. ऋषीलाच खात्री नाही हे ऐकून वर्ग हसला. माझी लाज थोडी कमी झाली. पण परत येताना बसमध्ये मी जन्मात पहिल्यांदा एका पाठ असलेल्या सूक्ताचा विचार करत होतो, आणि माझा स्टॉप गेला.

मग गुरुजींना विचारायला कोकणात पाठशाळेत गेलो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"यात पाठ काय करायचं असतं?"

"काही नाही गुरुजी. समजून लिहायचं असतं."

"बरं. मग परीक्षा झाल्यावर राहतं काय?"

"सर्टिफिकेट."

"ते लॅमिनेट करून घे," गुरुजी म्हणाले. "इथे दमट हवेत माझं गेलं." गुरुजींकडेही कधीकाळी सर्टिफिकेट होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

घरी आल्यावर आईने वर्गाची चौकशी केली. बावीस जण, त्यात मुली सतरा, असं सांगताच एम.ए.चा विरोध मावळला. तिने त्या मुलींची गोत्रं विचारली नाहीत, हा तिचा संयम.

उरला प्रश्न परीक्षेचा. हिवाळी परीक्षा तुळशीचं लग्न झाल्यावर, उन्हाळी मे महिन्यात, म्हणजे दोन्ही वेळा ऐन मुहूर्तात. आमच्या सोयीचा महिना एकच, पौष, आणि पौषात परीक्षा घेणारं विद्यापीठ अजून स्थापन व्हायचं आहे. अण्णांनी दाते पंचांगाच्या जोडीला मोबाईलही काढला आणि एकदम मांडीवर थाप मारली. २०२६ ला ज्येष्ठ अधिक! १७ मे ते १५ जून, लग्न नाही, मुंज नाही, वास्तुशांती नाही. पहिल्या वर्षाची उन्हाळी परीक्षा त्यात अलगद बसत होती. फॉर्म भरला.

"पण दुसऱ्या वर्षाचं काय?" मी म्हणालो. "२०२७ ला अधिक महिना नाही. पेपर आणि मुहूर्त एकाच दिवशी आला तर?"

आईने हातातला फोन खाली ठेवला.

"कोणाचा मुहूर्त?" तिने विचारलं.