डब्ल्यूडीजी-३ए म्हणजे रंग बदललेली डब्ल्यूडीएम-२ नव्हे

रेल्वेप्रेमींमध्ये एक मजकूर वरचेवर फिरतो. त्याचं म्हणणं असं: मालगाड्या ओढणारी डिझेल लोको (रेल्वेचं इंजिन) डब्ल्यूडीजी-३ए ही जुनी डब्ल्यूडीएम-२च आहे, फक्त डिझेल वाढवून ताकद वर नेली, ती काळा धूर ओकते, कारण इंजिन मोडकळीला आलंय, तिच्यानंतरची डब्ल्यूडीजी-४ जास्त ओढते ती ४००० अश्वशक्तीमुळे, आणि डब्ल्यूडीजी-३ए फसली म्हणून भंगारात गेली.

पहिल्या दाव्यात थोडं तथ्य आहे. दोन्हींत १६ सिलिंडरचं अल्को २५१ इंजिन आहे आणि तो आराखडा १९५०च्या दशकातला. पण १९९५ साली वाराणसीच्या डिरेकात (डिझेल रेल्वे इंजिन कारखान्यात) डब्ल्यूडीजी-३ए (तेव्हाचं नाव डब्ल्यूडीजी-२) तयार झाली, तेव्हा खरा बदल इंजिनाच्या खाली होता. डब्ल्यूडीएम-२च्या ट्रायमाउंट बोगीत (चाकांच्या सांगाड्यात) चाकं फिरवणाऱ्या तीन ट्रॅक्शन मोटरींची तोंडं एकाच दिशेला नव्हती आणि ॲक्सलमधली अंतरंही असमान होती. गाडी उचलताना पुढच्या ॲक्सलवरचं वजन मागे सरकतं. या बोगीत ते फार सरकायचं, आणि हलकी झालेली चाकं आधी घसरायची. नव्या हाय-ॲढीजन (जास्त पकडीच्या) बोगीत तिन्ही मोटरी एकाच दिशेला बसवल्या. लोकोचं वजन बाजूच्या रबरी पॅडांवर येतं, मधला पिव्हट फक्त ओढ आणि ब्रेकचा जोर पोचवतो. वजन ११२.८ टनांवरून १२३ टन झालं, गिअर ६५:१८ऐवजी ७४:१८ आला. म्हणून वेग १२०वरून १०० किमीवर उतरला आणि सुरुवातीची ओढ सुमारे ३० टनांवरून ३८ टनांजवळ गेली. मालगाडीला हाच सौदा हवा होता.

२६००ची ३१०० अश्वशक्ती नुसतं डिझेल ओतून होत नाही. १५ मिमीऐवजी १७ मिमीचा इंधन पंप लावला, तर त्या डिझेलला हवाही पुरवावी लागते. त्यासाठी मोठा टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा), ती हवा थंड करणारा मोठा आफ्टरकूलर, व्हॉल्व्ह उघडणारा बदललेला कॅमशाफ्ट आणि वाढलेली उष्णता सोसणारे स्टील कॅप पिस्टन हवेत. यातलं काही गाळलं तर आधी धूर वाढेल, मग पिस्टन जाईल.

आता धूर. अल्कोचा टर्बो फक्त एक्झॉस्टवर, म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूवर फिरतो. लोको पायलटने नॉच (ताकदीची पायरी) वाढवला की गव्हर्नर (इंधन नियंत्रक) डिझेल लगेच वाढवतो, टर्बो मात्र वेग घ्यायला वेळ लावतो. तेवढा वेळ हवा कमी पडते आणि काळा लोट निघतो. लोड स्थिर झाल्यावर तो विरला, तर बिघाड नाही. तसाच राहिला तर एअर फिल्टर, इंजेक्टर आणि बूस्टर एअर प्रेशर (टर्बोने दिलेल्या हवेचा दाब) तपासा. निळसर धूर असेल तर वंगणतेल जळतंय. टर्बोच्या ऑइल सीलपासून सुरुवात करा. डब्ल्यूडीजी-४च्या टू-स्ट्रोक ७१० इंजिनाचा टर्बो कमी लोडवर गिअरांमार्फत क्रँकशाफ्टवरच फिरतो, म्हणून तिथे हा लोट फारसा दिसत नाही. दोघींच्या धुराची तुलना करणं मुळातच चुकीचं.

अश्वशक्तीचा दावा तर पार उलटा. ३१००वरून ४००० म्हणजे सुमारे ३० टक्के वाढ. सुरुवातीची ओढ मात्र जवळपास ४० टक्के वाढली, तीही जेमतेम तीन टन जास्त वजनावर. थांबलेली गाडी उचलताना अश्वशक्तीपेक्षा चाकाची रुळावरची पकड मोलाची. डब्ल्यूडीजी-३एच्या डीसी सिरीज मोटरीचं चाक घसरलं की ते पळत सुटतं. मग करंट तोडा, वाळू टाका. डब्ल्यूडीजी-४च्या थ्री-फेज एसी मोटरीचा वेग तिला वीज देणाऱ्या इन्व्हर्टरच्या फ्रिक्वेन्सीला बांधलेला असतो, त्यामुळे घसरणारं चाक लगेच आवरतं. शिवाय तिथे डीसी मोटरीत वीज पोचवणारे कम्युटेटर आणि ब्रश नाहीत, म्हणजे चढावर सावकाश ओढताना तेच जळण्याची भीती नाही. गोव्याकडे उतरणाऱ्या कॅसलरॉक-कुळे घाटात, १:३७ चढावर, हुबळीच्या डब्ल्यूडीजी-४ कामाला आल्या त्या याच गुणावर.

आणि डब्ल्यूडीजी-३ए 'फसली म्हणून भंगारात' हेही खरं नाही. विद्युतीकरणाने तिचं काम कमी केलं. दोन डब्ल्यूडीजी-३ए घेऊन वाराणसीतच १०,००० अश्वशक्तीची जोड विद्युत लोको, डब्ल्यूएजीसी-३, बनवली गेली. फेब्रुवारी २०१९मध्ये तिला हिरवा झेंडा मिळाला.