‘मोठी, स्वस्त, ओढ्याकाठची’: थंड प्रदेशातल्या जमिनीविषयीच्या एका सल्ल्याचा प्रतिवाद

थंड प्रदेशात जमीन घेऊन स्वतःच्या कष्टांवर स्वयंपूर्ण जगू पाहणाऱ्यांना सध्या एक सल्ला सर्रास दिला जातो. हवामानाच्या नकाशावर थंडीचा पट्टा पाहिला की पिकांचा प्रश्न सुटतो. ओढ्याकाठची सपाट जमीन मिळाली तर सोन्याहून पिवळे. झाडी असली की सरपणाची चिंता मिटते. पैशांत बसतील तेवढे जास्तीत जास्त एकर घ्यावेत. आणि जागा वस्तीपासून जितकी दूर तितकी चांगली, असा त्याचा सारांश. यातले सरपणाचे विधान अर्धे खरे आहे. उरलेल्यांवर विसंबून खरेदी केली, तर पहिल्याच वर्षी पस्तावण्याची वेळ येऊ शकते.

नकाशापासून सुरुवात करू. अमेरिकेच्या कृषी खात्याचा जो पट्ट्यांचा नकाशा सर्वत्र फिरतो, तो वर्षातल्या नीचांकी तापमानाच्या दीर्घकालीन सरासरीवर बेतलेला आहे. फळझाड किंवा झुडूप हिवाळा तगून राहील का, एवढेच तो सांगतो. बटाटा, बार्ली, कोबी यांना हा प्रश्नच लागू नाही, कारण कडाक्याच्या थंडीत ती शेतात नसतातच. त्यांना हवे असतात वसंतातली शेवटची दव गोठणारी रात्र आणि शरदातली पहिली, या दोहोंमधले दिवस, आणि त्या दिवसांतली पुरेशी ऊब. अलास्कातले फेअरबँक्स आणि आइसलंडची राजधानी रेक्याविक ही दोन्ही ठिकाणे जवळपास एकाच अक्षांशावर आहेत. रेक्याविकचा जानेवारी सरासरी शून्य अंशाच्या आसपास असतो, फेअरबँक्सचा उणे २२ अंश सेल्सिअसच्या घरात. नकाशा पाहणारा डोळे झाकून रेक्याविक निवडेल. परंतु जुलैत फेअरबँक्सची सरासरी १७ अंशांच्या आसपास जाते, तर रेक्याविक १२ अंशांच्या पुढे फारसे सरकत नाही, आणि धान्य पिकते ते उन्हाळ्याच्या उबेवर. (अलास्कातल्याच पामर येथील जत्रेत २०१२ साली ६२ किलोंहून जड कोबी तोलला गेला होता, तो तिथल्या लांबलचक दिवसांच्या जोरावर.)

ओढ्याकाठच्या सपाट जमिनीचे आकर्षण समजण्याजोगे आहे, पण माझ्या मते या सल्ल्यातला सर्वांत घातक भाग हाच आहे. निरभ्र, निवांत रात्री जमीन झपाट्याने थंड होते, तिच्यालगतची हवा जड होते आणि उताराने पाण्यासारखी वाहत खाली येऊन तळात साचते. त्यामुळे उतारावर दव गोठलेही नसते अशा रात्री खालच्या सपाटीवर बटाट्याची पाने काळी पडलेली सापडतात. तळातल्या शेताला वसंतात उशिरा सुरुवात करावी लागते आणि शरदात लवकर आटोपते घ्यावे लागते. हंगामच जेमतेम तीन महिन्यांचा असेल, तर दोन्ही टोकांचे आठ-दहा दिवस गेल्यावर धान्य हिरवेच राहते. त्यात बर्फ वितळताना ओढ्याला येणारा पूर आहेच, आणि वाहत आलेले बर्फाचे तुकडे वळणावर अडकून पाणी तुंबले की तो पूर नेहमीची पातळी सोडून वर चढतो. शिवाय ज्या ओढ्याच्या भरवशावर जमीन घ्यायची, तो हिवाळ्यात पार तळापर्यंत गोठू शकतो. वर्षभर पाणी द्यायला न गोठणारा झरा किंवा विहीर लागते, आणि नळ जमीन जिथपर्यंत गोठते त्या खोलीच्याही खाली पुरावा लागतो.

अतिउत्तरेला याहून मोठी अडचण आहे. ज्या भागांत कायम गोठलेली जमीन तुकड्यातुकड्यांनी पसरलेली असते, तिथे ती बहुधा दरीच्या तळाशी आणि उत्तर उतारांवर असते. वरचे शेवाळ खरवडून शेत काढले की खालचा बर्फ वितळू लागतो, जमीन खचते आणि बांधलेले घर वाकडे होते. अलास्काच्या अंतर्भागात जाणकार माणूस मातीपरीक्षणाआधी झाडे पाहतो. बारीक, खुरटे, इकडेतिकडे कललेले काळे स्प्रूस आणि पायाखाली ओलसर शेवाळाची गादी असेल, तर खाली बर्फ किंवा दलदल असल्याचा संशय घ्यावा. बर्च आणि अ‍ॅस्पेन सरळ वाढलेले असतील, तर माती उबदार आणि निचऱ्याची असण्याचा संभव अधिक.

म्हणून उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे कललेला मधला उतार पाहावा. साठाव्या अक्षांशावर दहा अंशांनी दक्षिणेला कललेल्या शेतावर दुपारचे ऊन पन्नासाव्या अक्षांशावरच्या सपाट शेताइतक्या कोनातून पडते. घराच्या जागेसाठी हिशेब आणखी कडक आहे. त्याच अक्षांशावर वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी सूर्य दुपारी क्षितिजापासून साडेसहा अंशांच्या आसपासच वर येतो आणि दहा मीटर उंचीच्या झाडाची सावली ८५ मीटरांहून लांब पडते. दक्षिणेला साधी टेकडी असली, तरी अंगणात काही आठवडे ऊन पडणार नाही, आणि ही गोष्ट जूनमध्ये जमीन पाहणाऱ्याच्या लक्षात येणे कठीण.

सरपणाचे विधान अर्धे खरे म्हटले, कारण जंगल हवे हे खरेच आहे. फक्त ‘झाडी आहे’ एवढ्याने भागत नाही. समशीतोष्ण पानझडी जंगलातून मूळ साठा न घटवता दर एकरी वर्षाला साधारण अर्धा कॉर्ड लाकूड निघते, असा ढोबळ अंदाज धरतात. एक कॉर्ड म्हणजे रचलेल्या लाकडाचे ३.६ घनमीटर. घराला सहा कॉर्ड लागत असतील, तर बारा एकर जंगल केवळ चुलीसाठी राखावे लागेल. उत्तरेकडच्या सूचिपर्णी जंगलात वाढ बरीच मंद असल्याने हा आकडा दुप्पट किंवा त्याहूनही अधिक धरावा. मोठ्या जमिनीची बाजू मी मान्य करतो ती एवढ्याच बाबतीत.

एकरांच्या हव्यासाला इतिहासातले एक उदाहरण पुरेसे आहे. १९३५ साली अमेरिकी सरकारने मिनेसोटा, विस्कॉन्सिन आणि मिशिगन या राज्यांतली सुमारे दोनशे कुटुंबे अलास्काच्या माटानुस्का खोऱ्यात नेली. त्यांना साधारणपणे प्रत्येकी ४० एकर जमीन चिठ्ठ्या टाकून वाटली आणि कर्जही दिले. तिथे रेल्वे होती, तरीही पुढच्या पाचेक वर्षांत निम्म्याहून अधिक कुटुंबे निघून गेली. हिवाळा किती लांब, यावरून जमिनीची गरज ठरवणे अधिक शहाणपणाचे: ५०० किलोंची गाय दिवसाला दहा-बारा किलो वाळलेले गवत खाते, म्हणजे दोनशे दिवसांच्या हिवाळ्यासाठी दोन ते अडीच टन वैरण एका जनावरामागे लागते. ती कापून, वाळवून, आत आणता येईल असे कोरडे कुरण किती आहे, हे मोजावे. उरलेले चाळीस एकर दलदलीचे असतील, तर त्यांचा उपयोग कर भरण्यापुरताच.

राहिली गोष्ट दूर असण्याची. एकांत हवा असणे ही आवडीची बाब आहे, तिच्याशी वाद नाही. पण नकाशावरची रेघ म्हणजे बारमाही रस्ता नव्हे. त्यावरचा बर्फ हिवाळ्यात कोण हटवतो, जमीन वितळताना चिखलात तो किती आठवडे बंद असतो आणि शेजाऱ्याच्या जमिनीतून जाणारी वाट वहिवाटीचा हक्क म्हणून कागदोपत्री नोंदलेली आहे का, हे तीन प्रश्न विक्रेत्याला लेखी विचारावेत. तोंडी मिळालेली वाट शेजारची जमीन विकली गेली की नवा मालक बंद करू शकतो. आणि पाहणी एकदाच करणे शक्य असेल, तर ती बर्फ वितळण्याच्या दिवसांत करावी, कारण पाणी कुठे तुंबते, रस्ता कुठे खचतो आणि कुठल्या उतारावरचा बर्फ सर्वांत आधी जातो, हे त्या दिवसांत जमिनीवर उघड दिसते.