फोर्क आवळून खड्डे बुजत नाहीत

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला चार ठिकाणांहून आला. धुळ्याचे दोन रायडर ग्रुप, एक जुना कॉलेजमित्र आणि अमळनेरचा मावसभाऊ. मथळा होता, ‘खानदेशच्या रस्त्यांसाठी स्पोर्ट बाइकचं पुढचं सस्पेन्शन: गाडी रुळावर चालल्यासारखी चालेल’. त्यात फोर्कची, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या, आत स्प्रिंग आणि तेल असलेल्या दोन नळ्यांची, सांगितलेली कामं अशी. एक, प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते) पूर्ण आवळा, स्प्रिंग कडक होते. दोन, रिबाउंड आणि कॉम्प्रेशनचे (फोर्क परत वर येण्याचा आणि दबण्याचा वेग आवरणारे) स्क्रू शेवटपर्यंत ‘हार्ड’कडे फिरवा. तीन, आपल्या उन्हाळ्यात फोर्क ऑइलचं पाणी होतं, म्हणून त्याजागी 20डब्ल्यू40 इंजिन ऑइल भरा आणि थोडं जास्तच भरा. चार, फोर्कचे पाइप टीमधून (हँडलखाली त्यांना धरणाऱ्या पकडीतून) 15 मिलिमीटर वर सरकवा, पुढून गाडी बसकी झाली की हायवेला डोलत नाही. आणि शेवटी हमी: यानंतर ब्रेक मारल्यावर नाक खाली जाणार नाही.

आधी एक साधा प्रश्न. तुमच्या फोर्कला फिरवायला स्क्रू आहे का? 2021 साली आर15 व्ही4 ला उलटा फोर्क आला, 2023 मध्ये पल्सर एनएस200 लाही आला. दिसतो झकास, पण बाहेरून फिरवायचं त्यात काहीच नाही. अपाची आरआर 310 ला 2021 पासून कंपनीकडूनच वेगळं किट घेता येऊ लागलं, त्यात प्रीलोड, कॉम्प्रेशन, रिबाउंड तिन्ही मिळतात. पण ज्या गाडीला अॅडजस्टर नाही, तिच्या फोर्कवरचा मोठा बोल्ट हे नुसतं झाकण असतं. त्याच्याखाली दाबलेली स्प्रिंग बसलेली असते. मेसेज वाचून कुणी त्यालाच पान्हा लावला, तर झाकण तोंडावर यायचं.

आता प्रीलोड. सगळा घोळ इथेच आहे. बाजेची दोरी ताणली की बाज कडक होते, हे आपण लहानपणापासून बघतो, म्हणून स्प्रिंगचंही तसंच होत असेल असं वाटतं. तसं होत नाही. आवळण्याआधी ती एक मिलिमीटर दाबायला जेवढा जोर लागायचा, आवळल्यावरही पुढच्या एका मिलिमीटरला तेवढाच लागतो. प्रीलोडने बदलते ती गाडीची उभं राहण्याची उंची. तुम्ही बसल्यावर फोर्क किती खाली बसतो, म्हणजे सॅग, तेवढंच काय ते प्रीलोडच्या हातात.

आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर हा सॅगच कामाला येतो. खड्ड्याची दोन अंगं असतात. आधी चाक खाली उतरतं, मग पलीकडच्या कडेला आपटतं. उतरायला फोर्क आणखी लांबावा लागतो, आणि ती जागा सॅगने राखून ठेवलेली असते. प्रीलोड पूर्ण आवळलात की फोर्क आधीच जवळजवळ पूर्ण उघडा. चाक खाली जाऊच शकत नाही, खड्ड्यावर अधांतरी तरंगतं आणि थेट पलीकडच्या कडेवर आदळतं.

हे मी भोगून सांगतोय, कारण हा शहाणपणा मीही केला होता. माझी सेकंडहँड गाडी, तिन्ही अॅडजस्टरची. सगळं आवळून कन्नड घाटात गेलो. वर चढताना काही वाटलं नाही. उतरताना चाळीसगावच्या बाजूला एका वळणाआधी डांबर उखडलेलं होतं, तिथेच ब्रेक लावला. चाक टणाटण उडायला लागलं, एबीएस बोटाखाली कडकड करू लागला, आणि गाडी थांबायचं नाव घेईना. चाक हवेत असताना ब्रेक कशाला लागणार? कठड्यापासून दीड हातावर सुटलो. घरी येऊन मापलं, तर मी बसल्यावर फोर्क जेमतेम 12 मिलिमीटर खाली. एकूण प्रवास 120 चा. रस्त्यावरच्या स्पोर्ट बाइकला यातले 30 ते 40 सॅगमध्ये जायला हवेत.

मापायला गॅरेज लागत नाही. फोर्कच्या चकचकीत नळीला एक केबल टाय हलकेच बांधायचा. उलट्या फोर्कला ही नळी खालच्या बाजूला असते. दोघांनी मिळून पुढचं चाक अधांतरी करायचं आणि नळीची उघडी लांबी पट्टीने मोजायची. मग हेल्मेट, जॅकेट, रोज पाठीवर असते ती बॅग, सगळं घालून बसायचं, एकाने गाडी सरळ धरायची, आणि पुन्हा मोजायचं. दोन्हीतला फरक हा तुमचा सॅग. फोर्क आत थोडा अडतो, म्हणून एकदा गाडी खाली दाबून सोडल्यावर आणि एकदा वर उचलून सोडल्यावर मापा, आणि मधला आकडा धरा. केबल टाय तसाच राहू द्या. दिवसभर फिरून आलात की तो फोर्क जास्तीत जास्त कुठवर गेला ते दाखवतो. रोज तळालाच टेकत असेल, तर स्प्रिंग तुमच्या वजनाला मऊ आहे आणि ती बदलावीच लागेल. प्रीलोडने ते काम होणार नाही.

स्क्रू ‘हार्ड’कडे फिरवण्याबद्दल. आपली जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि वरच्या डांबराला लाटा पडतात. एकामागून एक येणाऱ्या या लाटांवर रिबाउंड पूर्ण बंद असेल, तर पहिल्या उंचवट्याला दबलेला फोर्क दुसरा येईपर्यंत वर येतच नाही. तिसऱ्याला आणखी खाली. चौथ्या-पाचव्याला फोर्क तळाशी जाऊन बसलेला, आणि हँडलवर हातोडे. चालवणाऱ्याला वाटतं सस्पेन्शन मऊ आहे, म्हणून तो आणखी आवळायला जातो, पण स्क्रू तर आधीच टेकलेला! स्क्रू हलक्या हाताने बंद करत क्लिक मोजा आणि वहीत लिहून ठेवा. जोर लावला तर आतली सुई बिघडते. मग मॅन्युअलमधल्या आकड्यावर या आणि तिथून दोन-दोन क्लिकनेच हला, तेही दर वेळी एकाच रस्त्यावर. माझा पट्टा लळिंगच्या अलीकडचा, दीड किलोमीटरचा. तिथला एकेक गचका आता पाठ आहे.

ऑइलच्या मुद्द्यात मात्र एक दाणा खरा आहे. तेल तापलं की पातळ होतं, आणि भुसावळच्या मे महिन्यातली दुपार म्हणजे दुपारच असते. पण त्यावर उतारा एखाद-दोन क्लिकचा. 20डब्ल्यू40 हे साधारण 10डब्ल्यू फोर्क ऑइलपेक्षा 40 अंशांवर तीन-चार पट घट्ट असतं. डिसेंबरच्या सकाळी त्या फोर्कचा लाकडी सोटा होईल. ‘थोडं जास्त भरा’ हे त्याहून वाईट. तेलावरची मोकळी हवासुद्धा स्प्रिंगचं काम करते. तेल वाढलं की हवेची जागा घटते, शेवटच्या टप्प्यात फोर्क दगड होतो आणि दाब ऑइल सीलवर येतो. खरं दुखणं बहुतेकदा जुन्या तेलाचं असतं. माझ्या फोर्कमधलं मी काढलं तेव्हा मापात उतरलं ते राखाडी, भांडी घासलेल्या पाण्यासारखं, कुजका वास मारणारं. बोटांवर चोळलं तर धातूची चकाकी. नवीन, ठरलेल्या ग्रेडचं, मोजून भरलं आणि अर्ध्या तक्रारी तिथेच मिटल्या.

पाइप वर सरकवण्याचा सल्ला तर साफ उलटा. पुढची बाजू खाली गेली की फोर्कचा कोन उभा होतो, ट्रेल (गाडीला सरळ ठेवणारं, हँडलचा अक्ष आणि टायर जमिनीला टेकतात त्यांमधलं अंतर) कमी होते, गाडी पटकन वळते आणि वेगात जास्त चंचल होते. डोलणाऱ्या गाडीला हा उपाय करणं म्हणजे जुलाबावर एरंडेल. शिवाय काही गाड्यांत फोर्क पूर्ण दबला की चाक नाहीतर मडगार्ड रेडिएटरला भिडू शकतं.

राहिलं नाक. ब्रेक लावल्यावर वजन पुढे येतं, फोर्क दबतो, तेव्हाच पुढच्या टायरला पकड मिळते. घाटातल्या वळणात शिरताना हा थोडा झुकाव हवाच असतो. कॉम्प्रेशनने नाक किती वेगाने जाईल ते ठरतं. ब्रेक धरून ठेवल्यावर शेवटी किती जाईल, ते मुख्यतः स्प्रिंग आणि आतली हवा ठरवतात.

अमळनेरच्या मावसभावाचा मेसेजपाठोपाठ फोनही आला होता, ‘‘भो, गाडी भलतीच डोलस, फोर्क आवळी टाकू का?’’ त्याची आर15, म्हणजे आवळायला काहीच नाही. रविवारी गेलो. पुढचा ब्रेक दाबून गाडी पुढेमागे हलवली तर हँडलच्या मुळाशी टक टक. कोन सेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, ढिला. टायरची हवा बघितली, जेमतेम 19 पीएसआय. शेवटची कधी भरली होती विचारलं, तर म्हणाला, ‘‘दिवाळीले.’’