चेंबरलेनचे १०० गुण: गुणपत्रकाचा ताळा

२ मार्च १९६२ रोजी पेनसिल्व्हेनियातील हर्शी या गावी एनबीए या अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये फिलाडेल्फिया वॉरियर्सने न्यूयॉर्क निक्सला १६९–१४७ असे हरवले आणि त्या सामन्यात वॉरियर्सच्या विल्ट चेंबरलेनने एकट्याने १०० गुण केले. ही नोंदच बनावट आहे, असा मजकूर गेली काही वर्षे समाजमाध्यमांवर पुन्हा पुन्हा फिरतो आहे. त्यातील म्हणणे थोडक्यात असे: सामन्याचे चित्रीकरण नाही, एका माणसाने १०० गुण करणे संभवतच नाही, फ्री थ्रोमध्ये (फाऊल झाल्यावर मिळणाऱ्या, एका गुणाच्या विनाअडथळा फेकीत) कच्चा असलेला खेळाडू ३२ पैकी २८ यशस्वी करू शकत नाही, आकडे लिहिणारा वॉरियर्सच्याच पदरी होता, आणि पुरावा म्हणून उरते ते ‘१००’ लिहिलेला कागद धरलेल्या चेंबरलेनचे छायाचित्र. यांतील काही तपशील खरे आहेत आणि ते मान्यच केले पाहिजेत. त्यांवरून काढलेला निष्कर्ष मात्र टिकत नाही.

चित्रीकरण नाही, हे खरे. त्या काळी लीगचे फारच थोडे सामने दूरचित्रवाणीवर दिसत, आणि हा सामना तर फिलाडेल्फियापासून दूर एका लहान गावात, ४,१२४ प्रेक्षकांपुढे झाला. परंतु ‘काहीच मुद्रित झालेले नाही’ हे विधान चुकीचे आहे. बिल कॅम्पबेल यांनी रेडिओवर सामन्याचे धावते वर्णन केले होते. त्याच रात्री उशिरा चार सत्रांपैकी शेवटच्या, चौथ्या सत्राचे पुनःप्रसारण झाले, ते एका विद्यार्थ्याने टेपवर उतरवून घेतले, आणि त्यामुळे त्या सत्राचे वर्णन आजही ऐकता येते. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१६ मध्ये त्याचा समावेश राष्ट्रीय ध्वनिमुद्रण सूचीत केला.

‘संभवतच नाही’ या आक्षेपाला त्याच हंगामाचे आकडे उत्तर देतात. १९६१–६२ मध्ये चेंबरलेनने ८० सामन्यांत ४,०२९ गुण केले, म्हणजे सामन्यामागे ५० हून थोडे अधिक. डिसेंबरात लेकर्सविरुद्ध, तीनदा जादा वेळ खेळावा लागलेल्या सामन्यात, त्याने ७८ गुण केले होते आणि जानेवारीत शिकागोविरुद्ध ७३. हर्शीतील १०० गुण वगळले तरी त्याची त्या हंगामाची सरासरी जेमतेम अर्ध्या-पाऊण गुणाने घटते.

फ्री थ्रोचा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो झटकून टाकणे योग्य नाही. चेंबरलेन फ्री थ्रोमध्ये आयुष्यभर कमकुवत राहिला. मात्र या हंगामात तो दोन्ही हातांनी चेंडू खालून उचलून टाकत असे, आणि ६१ टक्क्यांच्या आसपासचे त्याचे हे यश कारकिर्दीतील सर्वोत्तम होते. या प्रमाणाने ३२ पैकी २८ किंवा अधिक यशस्वी होण्याची शक्यता मी स्वतः मांडून पाहिली. ती साधारण हजारात एक येते. दुर्मीळ खरी, पण अशक्य नव्हे. शिवाय सत्रांनुसार पाहिले तर पहिल्या सत्रात ९ पैकी ९, दुसऱ्यात ५ पैकी ४, तिसऱ्यात ८ पैकी ८ आणि चौथ्यात १० पैकी ७ अशी नोंद आहे. म्हणजे चारपैकी तीन चुका नेमक्या शेवटच्या सत्रात झाल्या, जेव्हा सगळे सभागृह शंभराकडे डोळे लावून बसले होते आणि अंगात थकवा भरला होता.

आकडे हार्वी पोलॅक यांच्या हातचे होते, ते वॉरियर्सचे प्रसिद्धीप्रमुख होते आणि त्याच रात्री एका दैनिकासाठी व दोन वृत्तसंस्थांसाठी बातमीही तेच देत होते, हेही खरे. छायाचित्रातील कागदावर ‘१००’ त्यांनीच लिहिले. एकाच लेखणीवर इतके अवलंबून राहावे लागणे ही उणीवच आहे. पण ते छायाचित्र म्हणजे पुरावा नव्हे, ती आठवण आहे. पुरावा गुणपत्रकात आहे, आणि त्याचा ताळा कुणालाही करता येतो. चेंबरलेनचे प्रत्येकी दोन गुणांचे ३६ बास्केट म्हणजे ७२ गुण, अधिक २८ फ्री थ्रो: १००. सत्रांनुसार २३, १८, २८ आणि ३१: पुन्हा १००. वॉरियर्सचे इतर खेळाडू अरिझिन १६, मेश्चेरी १६, ॲटल्स १७, रॉजर्स ११, लारेझ ९: चेंबरलेनचे १०० धरून सारे मिळून १६९. निक्सकडे गेरिनचे ३९, बकनरचे ३३, नॉल्सचे ३१ आणि इतर पाच जणांचे ४४ मिळून १४७. नुसती बेरीज खोट्या वहीतही जुळवता येते, हे मला ठाऊक आहे. परंतु हा ताळा निक्सचे खेळाडू, पंच आणि चार हजार प्रेक्षक यांच्या देखत मांडलेला आहे आणि यांतले अनेकजण नंतर कित्येक दशके हयात होते.

निक्सच्या खेळाडूंची तक्रार मात्र होती, आणि ती वेगळीच होती. शेवटच्या सत्रात चेंडू चेंबरलेनपर्यंत पोहोचू नये म्हणून ते वॉरियर्सच्या इतर खेळाडूंवर मुद्दाम फाऊल करत होते, आणि वॉरियर्स चेंडू लवकर परत मिळावा म्हणून निक्सवर. रॉजर्सच्या नावावर फ्री थ्रोचे १२ प्रयत्न दिसतात. खेळाचे रूप विकृत झाले, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत आहे. पण ज्यांना त्या रात्रीचा सल होता, त्यांचा सल तो सामना तसा घडला याचाच होता, तो घडलाच नाही असे त्यांचे म्हणणे नव्हते.

फिरणाऱ्या काही मजकुरांत चेंबरलेनने त्या रात्री अमुक इतके ब्लॉक (प्रतिस्पर्ध्याची फेक हवेतच अडवणे) केल्याचेही छापलेले असते. लीगने ब्लॉक मोजायला सुरुवात केली ती १९७३–७४ च्या हंगामात, तेव्हा तो आकडा मात्र अधिकृत नोंदीतला असू शकत नाही. नोंदीत आहेत ते २५ रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर चेंडू ताब्यात घेणे) आणि २ असिस्ट (ज्यावरून लगेच बास्केट होते तो पास).

आणि त्याच पत्रकात वॉरियर्सचे खेळाडू जो रक्लिक यांची ओळ आहे: बास्केटचा एक प्रयत्न, तो फसलेला, दोन फ्री थ्रो, दोन्ही हुकलेले, शून्य गुण आणि एक असिस्ट. सामना संपायला ४६ सेकंद असताना शंभराव्या गुणासाठीचा पास त्यांनीच दिला होता, आणि तो असिस्ट लिहिला गेला ना, याची खात्री करायला ते धावत नोंद घेणाऱ्यांच्या टेबलापाशी गेले होते.