दुसऱ्याच्या अपंगत्वाचा अर्थ कसा लावावा

तुम्ही श्रद्धाळू आहात, दोन्ही पाय शाबूत आहेत आणि समोर व्हीलचेअरवर कुणीतरी एकटं गाठ पडलं आहे. अशी संधी दवडू नका. तो बहुधा लिफ्टची वाट बघत असतो, त्यामुळे पळून जायची भीती नाही.

“जन्मापासून, की मध्येच?” इथून सुरुवात करा. उत्तर काहीही येवो. जन्मापासून असेल तर मागच्या जन्मीचं संचित, मध्येच झालं असेल तर देव परीक्षा बघतोय. हिशेब जुळतोच.

दाखले हवेत तितके मिळतील, फक्त ते पुरते सांगायच्या भरीस पडू नये. अष्टावक्राचंच घ्या. अंग आठ ठिकाणी वाकडं, तरी केवढा ज्ञानी! इथेच थांबा. पुढे गेलात की पंचाईत. बाप कहोड वेदपठणात चुकत होता, पोटातल्या पोराने चूक दाखवली आणि शाप बसला पोराला. चुकला बाप, वाकलं पोर. यात पोराचं संचित कुठे कोंबणार? तेवढ्यापुरता खोकला काढावा.

बायबलही जपूनच. योहानाच्या 9व्या अध्यायात जन्मांध माणूस दिसताच शिष्य येशूला विचारतात, पाप कुणाचं, याचं की आईबापांचं? प्रश्न पाठ करा, तुमचाच आहे. उत्तर गाळा, कारण येशू म्हणतो कुणाचंच नाही. त्यापुढचं ‘देवाची करणी दिसावी म्हणून’ तेवढं उचला, कामी येईल. लेवीय 21 तर बिनधोक वापरा. आंधळ्या-लंगड्या याजकाने वेदीजवळ यायचं नाही, वाट्याचं अन्न मात्र खुशाल खावं. आपणही आशीर्वाद पायऱ्यांखाली पोचते करतोच की.

कुराणाची 80वी सूरा टाळलेली बरी. प्रतिष्ठितांशी बोलणं चालू असताना एक अंध माणूस मध्येच काही विचारायला आला म्हणून पैगंबरांच्या कपाळाला आठी पडली, आणि त्या आठीबद्दल वरून कानउघाडणी झाली. तो इब्न उम्म मक्तूम, पुढे मदिनेत अजान देणारा, असं परंपरा सांगते. असली माणसं दाखल्याला घेऊ नयेत. ती स्वतःच प्रश्न विचारतात.

तशीच नॅन्सी आयस्लँड. धर्मशास्त्राची अभ्यासक, जन्मापासून हाडांचा आजार. 1994 मध्ये तिने लिहिलं की पुनरुत्थानानंतरही हातापायांच्या जखमा दाखवणारा ख्रिस्त हाच अपंग देव. बरं केलेला नव्हे, अपंगच! तुमची परवानगी न घेता लावलेला अर्थ, म्हणून बाद.

कुणी रॅम्पचा विषय काढला तर ‘मन शुद्ध हवं’ म्हणा. कायद्याला तर बिलकूल भिऊ नका, निदान अमेरिकेत तरी. तिथल्या अपंगांच्या 1990 सालच्या कायद्यात सार्वजनिक जागांबद्दलच्या अटींतून धर्मसंस्थांना सूट आहे.

मलाही बरेच अर्थ मिळालेत. परीक्षा, प्रायश्चित्त, एकदा तर ‘वरदान’. देवाशी माझं रात्री जे काही चालतं, त्यात भांडण बरंच आणि लाडही थोडे. पण ते कुणी विचारत नाही. तुम्हीही विचारू नका, वेळ जाईल.

तेवढ्यात लिफ्ट आली तर आधी तुम्हीच आत शिरा. व्हीलचेअरला जागा उरली नाही तर दार मिटेपर्यंत हात जोडून ठेवा.