कोणाचा विजय?

दुपारी जेवून जरा आडवी झाले होते. तेवढ्यात घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भाच्याचा मेसेज. 'निवडणुका बंद करा. दहा वर्षं एक कडक माणूस बसवा, सगळे सरळ होतील. पाखल्यांच्या वेळी तरी शिस्त होती.' (पाखले म्हणजे आमच्या गोव्यावर राज्य करणारे पोर्तुगीज.) खाली अंगठेच अंगठे. त्यात एक माझ्या सख्ख्या भावाचा.

झोप उडाली. म्हणून हे लिहितेय, लांबलं तर लांबलं.

अरे बाळा, पाखले गेले १९६१ साली. तुझा बाप तेव्हा जन्मलासुद्धा नव्हता. तुला कोणी सांगितली ती शिस्त? हो, लोक दारं उघडी टाकून झोपायचे, चोऱ्या होत नव्हत्या, रस्त्यात कागद दिसत नव्हता, हे मीही लहानपणापासून ऐकतेय. असेल. पण त्याच वेळची आमच्याच घरातली एक गोष्ट आहे. ती मी शंभरदा सांगितली आहे आणि दर वेळी हा मुलगा मोबाइलमध्ये असतो.

१९५९ साल, माझ्या आईचं लग्न. आजोबांनी पत्रिकेचा मजकूर म्हापशाच्या छापखान्यात दिला. त्या राज्यात लग्नाची पत्रिकासुद्धा सेन्सॉरकडून पास करून आणावी लागायची. तरुण मंडळींनी हे वाक्य पुन्हा वाचावं. लग्नाची पत्रिका. तर मजकूर कचेरीत गेला. वर आपल्याकडे असतं तसं '॥ श्री शांतादुर्गा विजयते ॥'. तिथल्या माणसाने 'विजयते'वर बोट ठेवलं आणि विचारलं, विजय कोणाचा? आजोबा म्हणाले, देवीचा. तो म्हणाला, कोणावर?

आता काय सांगणार? शांतादुर्गा म्हणजे हरी आणि हर यांच्यातलं भांडण मिटवणारी. तिने कोणाला हरवलेलंच नाही! आजोबांनी हेही समजावून पाहिलं. सतरा दिवस कागद तिथेच पडून. शेवटी 'विजयते' काढलं, 'प्रसन्न' घातलं, तेव्हा शिक्का बसला. मुहूर्त चार दिवसांवर आलेला. अर्ध्या गावाला आजोबांनी दारोदार फिरून तोंडी आमंत्रण केलं. बेळगावची मावशी तर येऊच शकली नाही, पण ते सरहद्दीचं वेगळंच रामायण.

ती पत्रिका माझ्या कपाटात बिस्किटांच्या जुन्या डब्यात आहे. ही तुमची शिस्त.

आणि हा शहाणा रोज रात्री तिठ्यावरच्या गाड्यावर रॉस ऑम्लेट, म्हणजे रश्श्यातलं ऑम्लेट, खाता खाता आमदाराचा उद्धार करतो, त्याच आमदाराचा माणूस शेजारी पाव बुडवत बसलेला असताना. सकाळी उठून निवांत कामावर जातो. हे कुठून आलं, विचार कधी केलास?

बरं, आमदार पक्ष बदलून उड्या मारतात हे मला सांगू नका. मी इथेच राहते. २०१९ साली काँग्रेसचे पंधरातले दहा आमदार भाजपमध्ये गेले. २०२२ला निवडणुकीआधी काँग्रेसने उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मीसमोर, बांबोळीच्या खुरसासमोर (क्रॉससमोर) आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन पक्ष न सोडण्याच्या शपथा घ्यायला लावल्या. १४ सप्टेंबरला अकरातले आठ गेले. तीन-तीन ठिकाणच्या देवांना साक्षी ठेवून! हातात झाडू घेऊन धावावंसं वाटलं होतं त्या दिवशी. एकटादुकटा गेला तर अपात्र ठरायची भीती. दोन तृतीयांश मिळून गेले की ते पक्षांतर नव्हेच, ते 'विलीनीकरण'. ह्या शब्दासाठी आमच्या आजोबांनी रक्त आटवलं होतं हो. कुठल्या तोंडात जाऊन पडला बिचारा.

तरुणांना तेच सांगायचं होतं. आमचं घर फुलवाल्यांचं. १६ जानेवारी १९६७, ओपिनियन पोल. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीन व्हा, दोन पानं म्हणजे वेगळे राहा. प्रचारात उगाच वजन पडू नये म्हणून मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांनी आधी राजीनामा दिला होता. आज असं कोणी करेल? असो. फुलाला १,३८,१७० मतं, दोन पानांना १,७२,१९१. आजोबा ३४,०२१ मतांनी हरले, आई सांगते तसं, जणू स्वतः उभे होते. दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुकानाच्या पायरीवर उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्या दोन पानांवाल्यांशी तावातावाने भांडले. कचेरीतून बोलावणं आलं नाही. सतरा दिवस काही अडकलं नाही. दोन पानांवाले शेजारीच संध्याकाळी त्यांना जेवायला घेऊन गेले. मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक लागली, हा माणूस पुन्हा सकाळी सातला रांगेत. भाऊसाहेब पुन्हा निवडून आले.

(आज विचाराल तर मी दोन पानांनाच मत देईन. आजोबांच्या फोटोसमोर हे बोलत नाही.)

एवढं लिहून चहा करायला उठले, आणि चहा उकळेपर्यंत राग थोडा उतरला. कारण आता जे लिहायचं ते माझ्याबद्दल आहे.

गेल्या रविवारी आमची ग्रामसभा होती. डोंगराच्या बाजूच्या जमिनीच्या रूपांतराचा विषय. मी तयारी करून गेले होते, कागद हातात. नंबर आला तेव्हा अर्धा वर गेलेला हात मी खाली घेतला. मुलगा एका सरकारी खात्यात कंत्राटावर आहे, दर वर्षी मुदत वाढवून घ्यावी लागते. मला कोणी धमकी दिली नव्हती. कोणी डोळे वटारले नव्हते. पंचमंडळींपैकी एकाने उलट विचारलं, 'मॅडम, किदें सांगपाचें आशिल्लें?' मी म्हटलं, कांय ना. घरी आले, सुंगटांचं हुमण केलं, जेवले.

आजोबांचं 'विजयते' निदान दुसऱ्या कोणीतरी काढलं होतं.

त्यामुळे त्या मुलावर मघाशी आग पाखडली ती सगळी त्याच्या वाट्याची नव्हती. त्याने आम्हाला बघितलंय. मत देताना 'आपल्या मुलाचं काम करील का' एवढंच विचारणाऱ्या आम्हाला. आणि मग आमदाराने उडी मारली की 'आमचा विश्वासघात' म्हणून छाती बडवणाऱ्या आम्हालाच. तरी कडक माणूस नको रे. कडक माणसाच्या कचेरीत बोट ठेवणारा कोणीतरी असतोच, आणि तो तुझ्या ओळखीचा नसतो.

हे पोस्ट करणार इतक्यात त्याचाच फोन. 'आते, रागार गो?' ग्रुपवर मी अंगठा दिला नाही म्हणून. मग म्हणाला, पत्रिकेची पीडीएफ पाठवलीय, बघ. डिसेंबरात लग्न आहे त्याचं.

उघडली. छान आहे, सुपारीच्या फुलांची नक्षी, कडेला समई. वर '॥ श्री शांतादुर्गा प्रसन्न ॥'. मी विचारलं, हे कुठून घेतलंस? म्हणे, 'आज्जीच्या पत्रिकेचा फोटो तूच घातलेला ना ग्रुपवर, तसंच ठेवलं, रेट्रो दिसतं.'

मी म्हटलं, 'प्रसन्न' काढ, 'विजयते' घाल.

'कित्याक? फरक कितें?'

रविवारी जेवायला ये, मोबाइल घरी ठेवून. सांगते.

दोन तास झाले, नवीन फाइल अजून आलेली नाही. डिझाइन करणारा मुलगा फुटबॉल खेळायला गेलाय म्हणे.